डावी कूस, उजवी कूस

आमच्या बिल्डिंगमधल्या बायकांना मी सांगायचे, आई दादाकडे असते, पुण्याला. दादा त्याच्या सोसायटीत सांगायचा, आई बहिणीकडे असते, साताऱ्याला, तिला तिकडचीच हवा मानवते. असं बोलायचं हे आम्ही दोघांनी कधी ठरवलं नव्हतं. पुढे एकदा बोलता बोलता ते बाहेर आलं, आणि दोघंही फोनवर हसलो. मग बराच वेळ कुणी काही बोललं नाही. त्या सव्वा वर्षात आई ना पुण्याला होती ना साताऱ्याला. हायवे सोडून आत गेल्यावर शेतात एक बैठी इमारत आहे, पुढे तुळशीवृंदावन, फाटकावर निळी पाटी. ती तिथं होती.

हे आधी लिहिते, कारण तक्रारीच्या कागदावर दुसऱ्याच परिच्छेदात हे आलं. 'तक्रारदार क्र. १ या दि. १६ जुलै २०२३ पासून जाबदार यांच्या वृद्धाश्रमात वास्तव्यास होत्या.' वकीलबाईंनी मसुदा वाचायला दिला तेव्हा माझी नजर त्या ओळीवर अडकली. खाली जखमेचं वर्णन होतं, खर्चाचा हिशेब होता, त्यातलं काही मनात शिरेना. वास्तव्यास होत्या. एका ओळीत, सरकारी मराठीत, दोन सोसायट्यांमधलं सव्वा वर्षाचं खोटं संपलं.

वृद्धाश्रमांविरुद्ध आपल्याकडे केसेस कमी का होतात, असं मला आता कुणी विचारलं तर मी ही ओळ दाखवीन. तक्रार करायची म्हणजे आधी कबूल करायचं, की आईला तिथं ठेवलं होतं. तेवढ्या कबुलीला घाबरून किती घरांनी तोंड मिटलं असेल, आणि ते मिटलेलं तोंड किती संचालकांच्या कामी आलं असेल, याचा हिशेब कुठल्याच वहीत सापडायचा नाही.

ठेवलं का, तेही सांगून टाकते. मे २०२३ मध्ये आई बाथरूममध्ये पडली, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, वॉकर आला. आमचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. माझी शाळा कोरेगावला, सकाळी एसटीनं जायचं ते चार-साडेचारला परत. यांची नोकरी फिरतीची. दिवसभराला लावलेल्या दोन बायका महिन्याभरात सोडून गेल्या. दादाचा फ्लॅट दोन खोल्यांचा, वहिनीचे आईवडील आधीच तिथं. ही कारणं खरी आहेत. अजूनही रात्री जाग आली की मी ती एकेक करून तपासते आणि प्रत्येक वेळी ती खरीच निघतात. त्यानं झोप मात्र लागत नाही.

पहिलं वर्ष बरं गेलं, हे लिहिणंही भाग आहे. आई वॉकर घेऊन अंगणात फिरायची. आयुष्यभर बालवाडी चालवलेली बाई, तिथल्या दोन आज्यांना तिनं बडबडगीतं शिकवली होती. ऑगस्ट २०२४ मध्ये तिला चिकुनगुन्या झाला. सांधे धरले ते सुटलेच नाहीत, आणि तिनं अंथरूण धरलं. ऑफिसमधून फोन आला, 'काळजी करू नका मॅडम, आमच्याकडे बेडरिडन पेशंटची सोय आहे, फक्त दोन हजार वाढतील.' मी म्हटलं, बरं.

३१ ऑक्टोबरला नरक चतुर्दशी होती. पहाटेची अंघोळ घरी उरकून मी आईसाठी वाटीत तेल, पुडीत उटणं आणि मोती साबणाची नवी वडी घेऊन गेले. दहा वाजले असतील. खोलीत उदबत्ती लावलेली. एक नव्हे, चार. मला वाटलं, दिवाळी आहे म्हणून. मावशी म्हणाल्या, 'ताई, आज ऱ्हाऊ द्या तेल. सकाळीच अंग पुसलंय मी.' मी म्हटलं, पाठीला तरी लावते, वर्षाचा सण आहे. त्या दारात उभ्या राहिल्या, धड आतही येईनात, धड जाईनातही. मी आईला कुशीवर वळवलं.

माकडहाडावर माझ्या तळहाताएवढी जखम. कडा काळ्या, आत पिवळं, आणि मधोमध पांढरं काहीतरी. ते पांढरं काय होतं हे मला दुपारी सर्जननी सांगितलं. उदबत्त्या कशाला होत्या ते मात्र तिथंच कळलं.

मी फोटो काढले. हे कसं सुचलं, माहीत नाही. वकीलबाई नंतर म्हणाल्या, त्या पाच फोटोंवर केस उभी आहे. जखमेशेजारी साबणाची वडी ठेवून काढलेला एक फोटो आहे, त्यावरून आकार कळतो. मी ती वडी मापासाठी ठेवली नव्हती, हातातली कुठंतरी ठेवायची म्हणून ठेवली होती. फोनच्या गॅलरीत ते पाच फोटो अजून तसेच आहेत: आधी दारातली रांगोळी आणि ताटातले चिरोटे, नंतर भाचीचा आकाशकंदील. पुढे कोर्टात द्यायचे म्हणून त्यांच्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडावं लागलं, की फोन माझा, वापर माझा, छेडछाड नाही. ते भरताना गॅलरी पुन्हा उघडायला लागली.

दुपारी सर्जननी हातमोजे काढत विचारलं, 'किती दिवस झोपून होत्या?' मी म्हटलं, अडीच महिने. ते म्हणाले, 'ही जखम चार-आठ दिवसांची नाही.' मग त्यांनी मला, बहुधा मी शिक्षिका आहे म्हणून, नीट समजावलं. माणूस एकाच जागी पडून राहिला की हाडाच्या टोकावर कातडी दबते, रक्त पोचत नाही. आधी नुसता लाल डाग दिसतो. त्यावर बोट दाबलं आणि लाली गेली नाही, तर ती पहिली पायरी. तिथं लक्ष गेलं तर बहुतेक वेळा निभावतं. मग कातडी सोलते, मग चरबी, मग स्नायू, आणि चौथ्या पायरीला हाड. म्हणून अंथरुणाला खिळलेल्याची दर दोन तासांनी कूस बदलायची, टाचा उशीवर अधांतरी ठेवायच्या, चादर कोरडी ठेवायची, पोटात प्रथिनं जातील असं बघायचं. 'हवेची गादी होती?' त्यांनी विचारलं. गादी होती. तिचा पंप बंद होता. तोही एका फोटोत मागे दिसतो, वायर गुंडाळून ठेवलेला.

आई २४ दिवस दवाखान्यात होती. मेलेलं मांस दोनदा काढलं.

आता एक गंमत सांगते, म्हणजे गंमत नव्हेच. कुठं तक्रार करायची हे शोधायला मी फोनवर 'नर्सिंग होम' असं टाकलं. न्यू जर्सीतल्या मामेभावानं तसं टाक म्हणून सांगितलं होतं. तिकडे नर्सिंग होम म्हणजे म्हाताऱ्यांना सांभाळणारी संस्था. १९८७ च्या तिथल्या कायद्यानं राहणाऱ्यांचे हक्क लिहून ठेवलेत, सरकारी तपासणी जास्तीत जास्त १५ महिन्यांत व्हावीच लागते, आणि संस्थेला किती तारे मिळालेत ते घरबसल्या बघता येतं. एवढं असून तिथंही लोकांना कोर्टात जावं लागतं, आणि प्रवेशाच्या कागदांत बारीक अक्षरांत 'भांडण झालं तर लवादाकडे' असंही घातलेलं असतं, म्हणजे कागदाची हुशारी सगळीकडे सारखीच. आपल्या साताऱ्यात नर्सिंग होम म्हणजे बाळंतपण! माझाच जन्म एका नर्सिंग होममधला. आणि आपला १९४९ चा नर्सिंग होम नोंदणीचा कायदाही दवाखान्यांचा आहे. वृद्धाश्रम असतो ट्रस्ट. एका कचेरीत सांगितलं, हे रुग्णालय नव्हे, आमच्याकडे येत नाही. दुसरीकडे सांगितलं, अनुदान नसेल तर आम्ही काय करणार. तिसरीकडचे साहेब म्हणाले, आम्ही हिशेब बघतो, माणसं नाही. शेवटचं वाक्य ते सहज बोलून गेले, पण मी घरी येईपर्यंत घोकत आले.

पोलीस ठाण्यात ही निवडणुकीची धामधूम. २० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान, सगळे बंदोबस्ताला. तिथले हवालदार बिचारे सज्जन होते. त्यांनी ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्याचं पुस्तक काढलं, चष्मा वर केला आणि म्हणाले, 'बाई, ह्यात सगळं मुलांवरच आहे. आईबापाला सांभाळलं नाही तर प्रांतसाहेबांकडे अर्ज, महिना दहा हजारांपर्यंत पोटगी. सोडून दिलं तर तीन महिने कैद नाहीतर पाच हजार दंड. उद्या ते लोक तुमच्यावरच उलटतील बघा.' मला राग आला, पण ते चूक बोलत नव्हते. आपला कायदा गृहीतच धरतो, की म्हातारं माणूस मुलाच्या नाहीतर मुलीच्या घरात आहे आणि गुन्हा झाला तर तिथंच होणार. वृद्धाश्रमांची नोंदणी, किमान दर्जा, असं काहीतरी आणणारं दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडलं गेलं होतं. ती लोकसभा संपली, विधेयकही गेलं.

सर्जनचं प्रमाणपत्र जोडल्यावर भारतीय न्याय संहितेच्या कलम १२५ खाली गुन्हा नोंदवला गेला, निष्काळजीपणानं जीव धोक्यात घालून गंभीर दुखापत. तो खटला त्याच्या गतीनं चाललाय, त्याविषयी इथं लिहीत नाही. पण कलमं चाळताना मला ३५७ सापडलं. लहान वय, आजार किंवा अशक्तपणामुळे असहाय झालेल्या माणसाची देखभाल करण्याचा करार करून ती जाणूनबुजून न करणं. मी वकीलबाईंना म्हटलं, हे तर जणू आमच्यासाठीच लिहिलंय. त्या म्हणाल्या, १८६० पासून आहे ते, जुन्या दंड संहितेत ४९१ नंबर होता. शिक्षा तीन महिने, नाहीतर दंड. दंड किती? तेव्हा २०० रुपयांपर्यंत, आता ५,००० पर्यंत. आम्ही महिन्याला १६,००० भरत होतो, ऑगस्टपासून १८,०००.

८१ वर्षांच्या बाईला जबाबासाठी ठाण्यात बोलावता येत नाही, पोलिसांनीच घरी यायचं, असा नियम आहे. चांगला नियम आहे. पण त्यामुळे आईला घरी आणल्याच्या चौथ्या दिवशी पोलिसांची जीप आमच्या फाटकाशी उभी राहिली, आणि तीनही मजल्यांच्या गॅलऱ्या भरल्या. 'आई पुण्याला होत्या ना?' असं नंतर तिघींनी विचारलं. चौथीनं विचारलं नाही. ती दुसऱ्या दिवशी मऊ भात घेऊन आली आणि जाताना जिन्यात हळूच म्हणाली, 'माझे सासरे कुठं असतात, विचार कधीतरी.'

हवालदारांनी आईला विचारलं, 'आजी, तिथं तुम्हाला कुणी मारायचं का?'

आई म्हणाली, 'नाही रे बाबा. मारायला माणूस जवळ यावा लागतो.'

त्यांनी ते लिहून घेतलं की नाही, मला दिसलं नाही.

आईचा केसला विरोध होता. म्हणजे केसला नव्हे, त्या मावशीचं नाव येण्याला. मावशी जावळीतल्या, नवरा नाही. दिवसा दोघी आणि रात्री एक, अशा बायकांवर ३४ म्हाताऱ्यांचा कारभार. त्यांत नऊ जण अंथरुणाला. मी घरी बसून गणित मांडलं. एकाची कूस बदलायची, ओलं काढायचं, चादर सारखी करायची, दहा मिनिटं धरा. नऊ जणांची दीड तास. म्हणजे दर दोन तासांतला दीड तास रात्रीच्या त्या एकट्या बाईनं नुसत्या कुशीच बदलायच्या, आणि उरलेल्या अर्ध्या तासात बाकीच्या पंचवीस जणांना पाणी, संडास, ओरडणं, पडणं. हे गणित सुटत नाही, हे ज्यानं बायका नेमल्या त्याला आधीच माहीत असणार. वकीलबाईंनी जाबदार दोनच केले, ट्रस्ट आणि व्यवस्थापक. आईनं वकीलपत्रावर सही केली, पूर्ण नाव, बालवाडीच्या फळ्यावर काढायची तसं गोल अक्षर. सहीला चार मिनिटं लागली. मध्ये दोनदा विचारलं, 'त्या पोरीचं नाव नाही ना ह्यात?'

जानेवारी २०२५ मध्ये तक्रार दाखल झाली. ग्राहक आयोगात. लोक अजून मंचच म्हणतात, मीही म्हणते. पाच लाखांच्या आतल्या मोबदल्याला फी नाही. घटनेपासून दोन वर्षांची मुदत. २०१९ च्या कायद्यामुळे आपण राहतो त्या जिल्ह्यातच दाखल करता येते, त्यामुळे पुण्यामुंबईच्या माणसांनाही इकडे खेटे घालायला नकोत. जाबदारांना म्हणणं द्यायला ३० दिवस, वर फार तर १५. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं २०२० मध्ये सांगितलंय, त्यापुढे एक दिवससुद्धा नाही. त्यांनी ४३ व्या दिवशी दिलं. आम्ही ४६ व्या दिवसाची वाट बघत होतो.

आणि म्हणणं काय? आम्ही सेवा विकतच नाही. आम्ही धर्मादाय संस्था, ह्या बाई आमच्या ग्राहकच नव्हेत. सोबत आमच्याच पावत्या. दर महिन्याच्या १६,००० पैकी ६,००० 'भोजन व निवास' आणि १०,००० 'देणगी'. मी त्या पावत्या सव्वा वर्ष फाइलला लावत होते, शब्द वाचला नव्हता. वाचला असेल तर छान वाटलं असेल. वकीलबाई शांत होत्या. दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत द्यायलाच लागते, उशीर झाला तर दंड, तिला देणगी कोण म्हणेल? शिवाय पाच निराधार म्हाताऱ्यांना फुकट सांभाळतो, हा त्यांचा दुसरा मुद्दा. त्यावर १९९५ चा शांता प्रकरणातला निकाल होता. तो दवाखान्यांचा आहे, पण तत्त्व तेच: काहींकडून पैसे घेता आणि काहींना फुकट बघता, म्हणून सगळंच फुकट ठरत नाही.

पण त्यांनी आणखी एक कागद लावला होता. दादाला दिलेलं देणगी प्रमाणपत्र. जुलै २०२३ ते मार्च २०२४, नऊ महिन्यांचे ९०,०००. आणि खाली वाक्य: तक्रारदाराच्या मुलानं या रकमेवर आयकराच्या कलम ८०जी खाली सवलत घेतली आहे, सबब ती देणगी असल्याचं त्यांना मान्य आहे.

मी दादाला फोन लावला. तो आधी काही बोलेना. मग म्हणाला, 'सीएनं विचारलं, काही डोनेशन? मी म्हटलं, हे आहे.' निम्म्या रकमेची सूट, म्हणजे ४५,००० उत्पन्नातून वजा. कर किती वाचला असेल, करा हिशेब. आईला ठेवल्याचं आम्ही शेजाऱ्यांपासून लपवलं, आणि सरकारला मात्र कळवलं, दान म्हणून!

तेवढ्यात त्यांच्या वकिलाकडून तडजोडीचं बोलणं आलं. डिपॉझिटचे ७५,००० परत, वर ५०,००० 'सहानुभूती म्हणून', अट एवढीच की दोन्ही तक्रारी मागे आणि कुठं वाच्यता नाही. दादा म्हणाला, घेऊ या. मी म्हटलं, तुझ्या रिटर्नसाठी? तो म्हणाला, 'तुला काय, तू मास्तरीण.' असं बरंच झालं. पंधरा दिवस बोललो नाही. मग एका रविवारी तो न कळवता आला. आईच्या ड्रेसिंगची वेळ होती. आजवर तो त्या वेळी बाहेर गॅलरीत जायचा. त्या दिवशी आत थांबला, बॅटरी धरून. जाताना म्हणाला, 'एप्रिल लागला की अपडेटेड रिटर्न भरतो. कर, व्याज आणि वर पंचवीस टक्के. भरून टाकतो.' भरलं त्यानं. त्याची पावतीही आता फाइलमध्ये आहे. वकीलबाईंना ती फार आवडली.

जखम जवळजवळ भरत आली होती. पूर्ण भरली नाही. ज्ञानोबांची पालखी लोणंदला आली त्या दिवशी पहाटे आई गेली, घरात, डाव्या कुशीवर. डॉक्टरांनी कारण हृदयाचं लिहिलं. अस्थी संगम माहुलीला सोडल्या. तेराव्यानंतर वकीलबाईंचा फोन आला, वारस लावायला लागतील, नाहीतर तक्रार तिथंच थांबेल. अर्ज दिला, मंजूर झाला. तक्रारदार क्र. १ मयत, त्यांचे वारस १-अ आणि १-ब. १-अ दादा, १-ब मी. आजवर मी आईच्या वतीनं बोलत होते. आता कागदावर मीच आई.

मग जाबदारांनी दोन पुरावे दाखल केले. पहिला, कूस बदलल्याचा तक्ता. ११ आठवड्यांचा, दर दोन तासांची नोंद: डावी कूस, उजवी कूस, पाठ, डावी कूस, उजवी कूस, पाठ. मी २६ वर्षं वह्या तपासतेय. गृहपाठ रोजच्या रोज लिहिला की एका बैठकीत, हे मला पान उलटायच्या आधी कळतं. रोज लिहिणाऱ्याचं पेन मध्ये बदलतं, एखाद्या दिवशी अक्षर घाईचं असतं, कुठं डाळीचा डाग पडतो. इथं रात्री दोनच्या नोंदीचं अक्षर दुपारी दोनच्या नोंदीइतकंच टवटवीत. मूळ प्रत बघायला मिळावी म्हणून आम्ही अर्ज दिलाय.

दुसरा पुरावा, फाटकाजवळच्या भेटवहीची प्रत. आत जाणाऱ्या प्रत्येकानं तिथं नाव, वेळ, सही करायची. ती त्यांनी कशासाठी लावली हे उघड होतं. मुलगी येतच नव्हती, जखम तिलाही दिसली नाही, आता पैशासाठी आलीय. वकीलबाईंनी ती पानं दोन दिवस ठेवून घेतली. मग मला बोलावलं. त्यांच्या माहितीपत्रकात छापलंय, 'दर आठवड्याला तज्ज्ञ डॉक्टरांकडून तपासणी'. डॉक्टरही फाटकातूनच येतात, सही करतात. ११ आठवड्यांत डॉक्टरांची सही एक. २ सप्टेंबर. 'त्यांनीच दिलंय आपल्याला हे,' वकीलबाई म्हणाल्या. त्यांना हसू आवरत नव्हतं, वय लहान आहे. मी ती पानं घरी घेऊन आले आणि डॉक्टरांची सही सोडून माझ्या सह्या बघत बसले.

मंचात उलटतपासणी लेखी असते. जाबदारांच्या वकिलांनी प्रश्नावली दिली, त्यांत २१ प्रश्न. बहुतेक नेहमीचे. हे म्हणणे खरे आहे का की, अमुकतमुक. सातवा मात्र सरळ होता: 'दि. १५ ऑगस्ट ते ३० ऑक्टोबर २०२४ या कालावधीत आपण आपल्या आईस किती वेळा भेटलात?'

२५ ऑगस्ट, रविवार. २२ सप्टेंबर, रविवार. दुसऱ्या वेळी पितृपंधरवडा होता, बाबांच्या तिथीची खीर डब्यात घेऊन गेले होते. वहीत लिहिलंय, आगमन ४.१०, निर्गमन ४.३५. खीर भरवायला पंधरा मिनिटं लागली असतील. आई पाठीवर निजून होती. 'जरा वळव मला' असं म्हणाली होती का? म्हणाली असेल तर मी मावशींना हाक मारली का? की, 'मावशी येतील हं आता' म्हणून निघाले? शेवटची कोरेगाव गाडी नव्हती, रविवार होता, घरी जायची काही घाई नव्हती. मला आठवत नाही. खरंच आठवत नाही, आणि शपथेवर तेवढंच सांगता येईल.

मी उत्तर आधी कच्चं लिहून काढलं. शाळेत सहामाहीचे पेपर होते, गणपती होते, निवडणुकीचं ट्रेनिंग होतं, फोन मात्र दर दोन दिवसांनी करत होते, ऑफिसमधून 'छान आहेत' असं सांगत. अर्धं पान झालं. वकीलबाईंनी वाचलं आणि पेन्सिलीनं सगळ्यावर एक तिरकी रेघ मारली. 'विचारलंय तेवढंच लिहा मॅडम. किती वेळा?'

'दोनदा.'

'मग दोनदा.'

त्यांनी टाइप केलं. मी प्रत घेऊन नोटरीकडे गेले. दुपारची वेळ, पोवई नाक्यावर उन्हाचा ताप, नोटरीसाहेब डबा बाजूला सारून बसले होते. त्यांनी पानं उलटली, न वाचताच, आणि शिक्का शाईवर दाबता दाबता विचारलं, 'लिहिलेलं सगळं खरं आहे?'

मी म्हटलं, हो.

'मग करा सही. प्रत्येक पानावर.'